निवेदनाचे गुण

गुरुवार, ता. ९

चि. ठकूस अ. आ.

समोर टीव्हीवर मधमाश्या चालू आहेत. एक डोळा तिकडे ठेवून लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. गुरुवारी दिवसभर माहितीचेच कार्यक्रम असतात, ते या गुरुवारी सगळे बघा, असं तू कळवलंस. म्हणून सकाळपासून हललो नाही. तीस वर्षं शाळा तपासल्या, आता हे खोकं तपासतोय. गुण दहापैकी.

नऊला गणित. फळा स्वच्छ, आकृती ठळक, पण मास्तर स्वतःच आकृतीच्या आड उभे. पाच. दहाला दातांची निगा. डॉक्टरांचेच दात किडके. तीन. अकराला पूल कसा बांधतात. आठ. मधमाश्यांना सहा देईन म्हणतो. हल्ली सगळेच ओठांतल्या ओठांत बोलतात, हा दोष मात्र सगळीकडे.

(संध्याकाळी पाच.) चारला नदीचा तासभराचा कार्यक्रम झाला. चित्रण नऊ. उगमापाशी धुकं चांगलं टिपलंय. निवेदन —

नेमका हाच गुरुवार का, ते तू सांगितलं नाहीस. काही लपवतेस का? आणि सहा महिन्यांत इकडे फिरकली नाहीस.

आठवण येत असेलच, ती पत्रातून कळव.

तुझे बाबा

सोमवार, ता. १३

ती. शिंपीकाकांना सा. न. वि. वि.

एक नाजूक काम आहे. बाबांना यातलं कळू देऊ नका.

परवाच्या गुरुवारी चार वाजता नदीचा जो कार्यक्रम लागला, त्यातला आवाज माझा होता. पहिल्यांदाच मला अख्खा तास मिळाला. आमच्याकडे आवाजवाल्यांची नावं पडद्यावर येत नाहीत. मीही सांगितलं नाही. मला वशिल्याचे गुण नको होते. बाबांनी चित्रणाला नऊ दिले आणि निवेदनापुढे आडवी रेघ ओढली. त्या रेघेचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. ज्या वर्गात शिकवणंच दिसलं नाही, त्या मास्तरापुढे ते शून्यसुद्धा लिहीत नसत.

शाळेतली नोकरी मी सोडली, तेव्हा तोंडाची वाफ दवडायला चाललीस, असं ते म्हणाले होते. माझा आवाज ते ओळखणार नाहीत, हे होणं नाही. म्हणजे ओळखून रेघ ओढली. नाहीतर कार्यक्रम पाहिलाच नाही आणि पेपरातली यादी पुढ्यात घेऊन गुण वाटले. दोन्हींतलं खरं काय, ते दुकानातून वर आमच्या घरी जाऊन बघाल का? त्यावरून मी घरी यायचं की नाही, ते ठरवणार आहे.

काकूंना नमस्कार. लहानपणी फ्रॉक उसवला की तुमच्याकडेच धावायची, तसंच समजा.

ठकू

शनिवार, ता. १८

चि. ठकूस आशीर्वाद.

साहेबांच्या कोटाचं अस्तर बदलायचं निमित्त काढून दोनदा वर गेलो. पहिल्यांदा त्यांनी दारातच अडवलं. माप घ्यायला आलायस की झडती घ्यायला, म्हणाले. परवा गुरुवारी दार नुसतं लोटलेलं होतं, तेव्हा आत शिरलो.

कार्यक्रम ते खरंच बघतात. खुर्ची, वही, लाल पेन्सिल, सगळं जिथल्या तिथे. पण टीव्हीला आवाज नव्हता. बटण पार शून्यावर. पुसताना आपल्या हातून फिरलं असेल, असं झाडलोट करणारी बाई म्हणते. महिना झाला टीव्ही गप्पच आहे. साहेबांना तसाच आवडतो, असं ती समजली. पडद्यावर एक जण ज्वालामुखीबद्दल काही सांगत होता आणि साहेब मान डोलावत होते.

माझी मोठी कात्री मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीमागे फरशीवर पाडली. मान डोलतच राहिली.

मग उठताना त्यांनी मला पाहिलं, कात्रीही पाहिली. ठकूला कळवलंस तर यापुढे कपडे दुसरीकडे टाकीन, एवढंच म्हणाले. तरी कळवतोय. तुझा राग कात्रीने कापून टाक.

शिंपीकाका

मंगळवार, ता. २१

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

सोबत अठ्ठावीस कागद आहेत. नदीचं सगळं निवेदन मोठ्या अक्षरात उतरवलंय, प्रत्येक परिच्छेदापुढे मिनिटं घातलीत. ता. ३०च्या गुरुवारी चार वाजता तो कार्यक्रम परत दाखवणार आहेत. चित्र बघा आणि कागद वाचा. तो आवाज माझा आहे.

दहा दिवस मी तुमच्यावर नको नको ते संशय घेतले. घर सोडून माझ्याकडे या, असं मी म्हणणार नाही. काकांवर रागावू नका. गुण खरे द्या.

तुमच्या पत्राकडे डोळे लावून,

ठकू

गुरुवार, ता. ३०

चि. ठकूस अ. आ.

कागद मांडीवर आणि घड्याळ हातात घेऊन बसलो. अकराव्या मिनिटाला तू तीन प्रवाह एकत्र येतात म्हणतेस. चित्रात चार आहेत. डावीकडचा झुडपांमागून येतो. तुमच्या कचेरीत हे कुणाला दिसू नये?

कान वर्षभर उतरत चाललेत. कळलं तर तू मला उचलून नेशील, या धास्तीने गप्प राहिलो. रेघेत राग नव्हता. चित्रात बोलणारा माणूसच दिसेना, तर गुण कुणाला द्यायचे?

वाचताना तुझा आवाज आठवायला गेलो, तर तू शाळा सोडलीस त्या दिवशीचा, माझ्याशी भांडतानाचाच आठवला. सगळी नदी त्या आवाजात वाचली. तिला तो शोभत नव्हता. खरा कसा असेल, ते मला ठाऊक नाही. त्यामुळे गुण देता येत नाहीत. वहीतली रेघ तशीच ठेवलीय. पुढे शेरा लिहिलाय: तपासनीस गैरहजर.

ये एकदा. मोठ्याने वाचून दाखव.

तुझे बाबा

ता. क. शुक्रवार. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी नऊच्या बसने शिंप्याबरोबर कानांच्या डॉक्टरकडे गेलो. उजव्या कानात थोडं शिल्लक आहे म्हणतात. यंत्र पंधरा दिवसांनी मिळेल. येताना कोट त्याच्याच दुकानात टाकला.