हिरवी मर

५ ऑगस्ट
शिरड शहापूरला आले! भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर देखरेखीची नोकरी, आणि राहायला शेतातल्या आखाड्यावरच, म्हणजे शेतघरातच, खोली. मालक उत्तमसिंगकाका आणि मिराकाकू शेजारीच राहतात. आल्याआल्या काकूंनी गरम भाकरी नि ठेचा पुढं केला. टमाटे, वांगी, मिरची, अद्रक, हळद, सगळं कसं टरारलेलं! आईला फोटो पाठवले. महिनाअखेरी येते म्हणाली.

९ ऑगस्ट
दुपारी टमाट्यांनी माना टाकल्या. पानं मात्र हिरवीगार. ऊन उतरल्यावर परत ताठ. खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं, तर दुधासारखा धागा खाली उतरला. जिवाणूंची मर, झाड हिरवं असतानाच कोमेजवणारा रोग. काकांना सांगितलं, झाडं उपटून जाळा, या वाफ्याचं पाणी पुढं जाऊ देऊ नका. बराबर हाय, म्हणाले.

१४ ऑगस्ट
टमाटे गेले. वांग्यांची एका अंगाची पानं लोंबली. मिरची सावकाश पिवळी पडतेय. काकू रोगट झाडं उघड्या हातांनी उपटतात. बोटाला विळा लागलाय. मी पट्टी बांधली.
"हे माणसाला बी लागतं का, बाई?"
मी हसले.

१८ ऑगस्ट
अद्रकाची पानं गुंडाळली. गड्डा दाबला तर पांढरा चिकट द्रव, घाण वास. हळद तरी तगेल वाटलं होतं. तिचेही शेंडे झुकलेत.
दुपारी काकू बांधावर बसल्या आणि मान एकीकडे कलंडली. ऊन लागलं असेल. संध्याकाळी उठून त्यांनी भाकरी थापल्या. आता बरं वाटून राहिलं, म्हणाल्या.

२१ ऑगस्ट
रोज दुपारी तेच. ताप नाही, अंग टवटवीत, डोळे उघडे. फक्त उभं राहता येत नाही. हिंगोलीच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. पट्टी रोज मीच बदलते.

२३ ऑगस्ट
ऊन उतरलं. काकू उठल्या नाहीत. गाल तजेलदार — श्वास नाही. काकांनी त्यांचा हात उचलला. बोटाच्या जखमेतून पांढरा धागा —
हात धुतले. परत धुतले.

२४ ऑगस्ट
काका अंगणातच, मोटारसायकलवर. मान हँडलवर पडलेली. हाका मारल्या — डोळे उघडे, माझ्याकडं वळतात. बोलत नाहीत.

२५ ऑगस्ट
पाय गेले. सकाळपासून खाटेवर.
आईचा मेसेज. ज्योती, फोन काहून उचलत न्हाईस, गाडीत बसले, येऊन राहिले.
फोन उचलवत नाही. बोटं थोडी हलतात — तेवढ्यात —
आई, उंबऱ्याबाहेर थांब. मी मेले नाही. मला तू दिसशील, ऐकू येईल. तरी मला हात ला—