सहा दिवसांची ट्रायल

सोमवार, ७ फेब्रुवारी १९८३

आजपासून लिहिणार. डायरी बाबांच्या गिरणीतली आहे, ८१ सालची. छापलेली तारीख खोडून मी माझी टाकते. गिरणी संपात गेली, डायरी तरी चालू राहू दे.

आज मी आणि शेजारची शकु असल्फ्याहून चालत साकीनाक्याला गेलो. गाळा नंबर एकोणीस. तिथे ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल भरतात. म्हणजे केसाएवढी तांब्याची तार बॉबिनवर गुंडाळायची. सहा दिवस ट्रायल, बिनपगारी. त्यात चार टेस्ट. चारी पास झाल्या की सोमवारी परमनंट कार्ड. पंखे आहेत, चहा दोनदा मिळतो. मला तर झकास वाटलं.

सुपरवायझर नंदकुमार साहेब. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज एकदम मऊ. त्यांनी आमच्या डोळ्यांना पट्टी बांधली आणि बोटांवर दहा तारा ठेवल्या. कुठली जाड, कुठली बारीक ते नुसतं हात लावून सांगायचं. माझ्या तोंडून कधी शब्द फुटत नाही, पण बोटं दाखवून दहाच्या दहा बरोबर सांगितल्या. शकुच्या सहा चुकल्या. साहेबांनी तिला घरी जायला सांगितलं तर ती बोलली, एवढी परीक्षा तर माझ्या लग्नातपण कोणी घेणार नाही. आणि हसत निघून गेली.

माझ्या कागदावर लाल पेनाने 'पास' लिहिलं. आठवीत नापास झाले तेव्हा बाई सगळ्या वर्गासमोर बोलल्या होत्या, हिच्या डोक्यात भुसा आहे. त्यानंतर मी शाळेत गेलेच नाही. शाळा सुटल्यापासून आज पहिल्यांदा पास. कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

सकाळी चुलीवरचं भगुलं फडक्याशिवाय उतरवलं. आई ओरडली, गो बाय, हात भाजलो मा! बघते तर बोटांवर फोड. मला चटका कळलाच नव्हता. तार गुंडाळून बधिर झाली असतील.

आज वासाची टेस्ट. कॉइल आतून जळली की वास येतो, तो बाहेर धूर यायच्या आधी ओळखायचा. पाचपैकी दोन जळक्या होत्या, मी दोन्ही काढल्या. पास.

माझ्या बाजूला मालन बसते. चार वर्षं परमनंट आहे. तारेचं टोक तिच्या अंगठ्यात घुसलं, रक्त आलं, तरी ती गुंडाळतच राहिली. मी खुणेने दाखवलं तेव्हा तिने बघितलं. लुगड्याला हात पुसला. बस.

बुधवार, ९ फेब्रुवारी

काल रात्री आईने बोंबील तळले होते. माझी बहीण वनमाला बाहेरूनच ओरडत आली, बोंबील, बोंबील! मला वासच नाही आला. तोंडात घातला तर कापूस.

आज टेस्ट नव्हती, नुसतं काम. अडीचशे बॉबिन. फुकट. साहेब बाजूने गेले आणि हळूच बोलले, काल घरी बोंबील होते ना? कुरकुरीत होते.

मी घरातलं कोणाला काही सांगत नाही. यांना कोणी सांगितलं?

गुरुवार, १० फेब्रुवारी

आवाजाची टेस्ट. मशीनच्या आवाजात ऐकू जाईल असे दोनशे आकडे मोठ्याने मोजायचे. मी तर पाहुण्यांसमोर नावपण सांगत नाही. पण ओरडले. दोनशेपर्यंत. मला माहीतच नव्हतं माझा आवाज एवढा आहे. साहेबांनी डोळे मिटून ऐकला, गाणं ऐकतात तसा.

पास. मग चहा घ्यायला गेले तेव्हा मागची फळी दिसली. बॉबिन ओळीने लावलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. मालन. सुनंदा. अनुपमा. आणि जयंती.

माझी.

तिच्यावर तारेचे तीन थर. साहेबांनी बॉबिन उचलून तारेवरून अंगठा फिरवला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या बोटांना काही कळलं. त्यांचा अंगठा. माझ्या पाचही बोटांवर. ओला.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

सकाळी आवाज नाही. आईने हळद-मीठ दिलं, गुळण्या कर बोलली. घसा दुखत नाही, आई. घसा आहे तसाच आहे. आवाज चोरला.

साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. फळीकडे बोट केलं. त्यांना बरोबर समजलं. बोलले, ट्रायल पुरी कर, चौथी पास झालीस की कार्डाबरोबर बॉबिनपण तुझी. मध्येच सोडलीस तर ती इथेच राहणार, कंपनीचा नियम आहे.

नियम! यांच्या नियमाला आग लागो. पगार नाही, पावती नाही, फुकट राबवायचं आणि वर माणूस सोलून फळीवर लावायचा. आणि मी मूर्ख, लाल पेनाचा कागद छातीशी धरून झोपले. बाई भुसा बोलल्या म्हणून कोणीही पास बोललं की मी हात पुढे करणार? एवढी स्वस्त मी?

पण बोटं माझी आहेत. आवाज माझा आहे. आणायलाच लागेल. उद्या एक दिवस.

शनिवार, १२ फेब्रुवारी

चौथी टेस्ट. अक्षर. कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव शंभर वेळा. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण बॉबिन समोर टेबलावर ठेवली होती. लिहिलं.

पास बोलले. मी बॉबिनला हात घातला तर मालनने मागून मनगट धरलं. साहेब हसले. बोलले, परमनंट माणसाचं सामान परमनंट इथेच.

मी चावले. मालनच्या हाताला कडकडून चावले. तिला काही झालंच नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी—

संध्याकाळी घरी आले तर वना नाचतेय. दुपारी ती माझा डबा द्यायला आली होती म्हणे. दाराबाहेर होती तेव्हा आतून मी हाक मारली. वने, सोमवारी तूपण ये, लय मस्त काम आहे.

मी मारली नाही. मी मारूच शकत नाही.

खूप मान हलवली. तिचे खांदे धरून हलवले. तर बोलते, वा गं ताई, स्वतःच बोलावलंस आणि आता नाटकं? तू एकटीच पास होणार काय? बाबापण बोलले, जाऊ दे तिला, दोन पगार येतील.

चौदा वर्षांची आहे ती.

रविवार, १३ फेब्रुवारी. दुपार

अक्षर जातंय. सकाळी 'ळ' आठवेना, मागचं पान बघून काढला. आता वरचं पान वाचलं, निम्म्या ओळी नुसत्या रेघा वाटतात.

वना नळावर गेलीय. तिला वाचता येतं. ती येईपर्यंत—

वने. आवाज माझा नव्हता. माझा आवाज साहेबांकडे आहे.

ते पास बोलतील. गोड बोलतील. पास झालीस की ते जातं. बोट. वास. सगळं. शकु नापास झाली, शकु बरी आहे. बघ तिच्याकडे. आताच बघ. हसते ती.

राग येतो. एवढा राग येतो आणि ओरडायला काही नाही. माझ्या रागाचीपण टेस्ट घ्या ना. घ्या. जळेल तुमचा गा

हात हलतो पण काय काढतो ते

वने घरी थांब. ऐक. उद्या दार लाव. आणि ओढून नेलं तर चूक. सगळं चूक सांग. नापास हो वने. मुद्दाम नापास हो. मुद्दाम नापास. मुद्दाम ना