डाव्या कोपऱ्यातला फराळ

बाबा,

आज संध्याकाळी आइस हॉकी लीगचं टेबल ग्रुपवर आलं. आपण पहिल्या नंबरवरून दुसऱ्यावर घसरलोय आणि मी घरभर नाचतेय. आई म्हणाली, "अगं, हरलात ना? मग नाचतेस काय? ऊन लागलं का तुला?" दुबईत असले तरी रिंकच्या बर्फावरून आलेल्या पोरीला ऊन कसं लागेल! पण का नाचतेय हे तिला समजावता येईना. तुला एका वाक्यात कळलं असतं, म्हणून तुलाच लिहायला बसले. तुझ्या नंबरवर मेसेज टाकला असता, पण तो फोन आता आई वापरते. कागदच बरा. अक्षराला हसायचं नाही हं. मराठी जे काही येतं ते तूच शनिवारी समोर बसवून घोटून घेतलेलं आहे.

गेल्या वर्षी चार कॉलेजांच्या टीममध्ये आपण चौथे होतो. "खालून पहिले," म्हणायचास तू, आणि वर सगळ्यांना चहा पाजायचास! या वर्षी ऑक्टोबरात सीझन सुरू झाला तेव्हा मी गोलपोस्टमध्ये उभी राहिले आणि आधी मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे तुझी खुर्ची रिकामी होती. बाकीचे पालक नेहमीसारखे शाली गुंडाळून कुडकुडत होते. तुझं बरं होतं. रास अल खोरच्या फळबाजारातल्या कोल्ड स्टोअरमध्ये दिवस काढणारा माणूस तू, तिथलंच ते निळं जाकीट घालून यायचास आणि हाफिसात बसल्यासारखा निवांत बसायचास.

निवांत कसला! तीन वर्षं काचेवर थापा मारून ओरडत होतास, "जुई, डावा पाय! अगं डावा पाय!" माझा डावा पाय खाली टेकायला उशीर करतो, आणि त्या बाजूचा खालचा कोपरा उघडा राहतो, हे मला कळायच्या आधी अख्ख्या लीगला कळलं. कुणामुळे? सांग ना! अल ऐनच्या टीममधला तो उंच सीरियन मुलगा तर "दावा पाय, दावा पाय" म्हणत यायचा आणि पक बरोब्बर तिथेच घालायचा. त्या रबरी चकतीला, पकला, तू काळा पेढा म्हणायचास. माझ्या डाव्या कोपऱ्यात किती पेढे पडले असतील गेल्या वर्षी, देव जाणे.

तर या वर्षी पहिली मॅच अल ऐनशीच. आपण तीन-शून्य जिंकलो. माझ्यावर एकही गोल नाही! आपल्या टीममधल्या जोएलने मला पॅडांसकट उचललं. दुसरी मॅच शारजाशी, चार-शून्य. घरी येताना टॅक्सीत मी एकटीच हसत होते. ड्रायव्हरभाईंनी विचारलं, "शादी-वादी तय हुआ क्या बेटी?"

आणि मग रात्री केस पुसता पुसता मनात पाल चुकचुकली. दोन मॅचमध्ये माझ्या डाव्या कोपऱ्यात एकही फटका आलेला नव्हता. एकही नाही, बाबा! तो सीरियन दोनदा समोर आला आणि दोन्ही वेळा त्याने उजवीकडे मारला. उजवीकडे तर मी झोपेतसुद्धा अडवते.

तिसरी मॅच अबू धाबीशी. मैथा आठवते ना, त्यांची कॅप्टन? तुझ्याकडून चिवडा मागून खायची ती. शेवटच्या पाच मिनिटांत ती एकटीच पक घेऊन माझ्यावर चाल करून आली. मी घसरले होते, डावा कोपरा सताड उघडा. तिने त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मास्कच्या जाळीतून मला तिचे डोळे स्पष्ट दिसले. आणि मग तिने पक थेट माझ्या छातीवर आणून ठेवला, पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला द्यावा तसा.

आपण दोन-शून्य जिंकलो. गेल्या वर्षीचे चॅम्पियन हरले आणि आपण टेबलात टॉपला! सगळे बोंबलत होते आणि मी एकेकाचा चेहरा वाचत होते. पाणी कुठेतरी मुरत होतं.

आता कुणावर म्हणून संशय घ्यायचा? आधी जोएल. माझ्यापुढे उभा राहून गोल अडवायचं काम त्याचं, आणि हाच मॅचआधी समोरच्या टीमशी कुजबुजताना दिसायचा. मी चेंजिंग रूममध्ये शिरले की बोलणी थांबायची आणि सगळ्यांना एकदम बुटांच्या लेस बांधायची आठवण यायची. कोचला विचारलं तर साळसूदपणे म्हणतो, "जीत रही हो ना? फिर क्या प्रॉब्लेम?" इतकंच काय, आईवरसुद्धा मला संशय आला. मी दारात पाऊल टाकायच्या आत ती म्हणाली, "जिंकलात ना?" तुला कसं कळलं म्हणून विचारलं, तर आमटीत चमचा फिरवत म्हणाली, "चेहऱ्यावरून." चेहऱ्यावरून म्हणे! चेहरा तर माझा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. जोएलचा फोन येऊन गेला होता, हे नंतर कळलं.

तुला हे हसण्यावारी न्यावंसं वाटेल. पण माझी झोप उडाली होती रे. तू मे महिन्यात गेलास, तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. प्रोफेसर असाइनमेंटला मुदत वाढवून द्यायचे, बिल्डिंगचा रखवालदार, तो नातूर, लिफ्ट धरून उभा राहायचा. चालेल, म्हटलं. पण बर्फावर मी कुणाची बिचारी नव्हते. ती तीन शून्यं माझी आहेत की कुणी दिलेली, एवढंच मला हवं होतं. माझी नसतील तर माझ्याकडे दुसरं होतं काय?

शेवटी जोएलला अब्राच्या बोटीत गाठलं. तो देराला राहतो, आपण बर दुबईला. म्हटलं, चल, तुला सोडायला येते. भर खाडीत कुठे पळणार? बोट सुटली तशी विचारलं, "डाव्या कोपऱ्यात कुणी मारत का नाही?" तो पाण्याकडे बघत म्हणाला, "मैथा दिवाळीला तुझ्या घरी येणार आहे. तिलाच विचार. इन्शाल्ला सगळं सांगेल."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे!"

"जुई, प्लीज," एवढंच बोलला, आणि देराचा धक्का येताच उडी मारून उतरला.

दिवाळी कशी गेली, सांगू? या वर्षी आपल्याकडे कढई चढली नाही. आईने आकाशकंदीलही काढला नाही. पण डबे इतके आले की ओट्यावर जागा उरेना. खालच्या साठे काकूंच्या चकल्या, मीना बाजारातल्या कापडवाल्या शेठचा मोहनथाळ, जोएलच्या आईची केळ्याची वेफर्स. आणि दुपारी खरोखरच मैथा आली. एवढ्या लांब अबू धाबीहून, काळा अबाया, हातात खजुराच्या मिठाईचा हा एवढा डबा. चपला दाराशी काढल्या आणि आईच्या शेजारी जाऊन बसली.

"आंटी, अंकल बोला था," ती तिच्या हिंदीत म्हणाली, "घर में कोई चला गया तो पहला त्योहार में घर में मिठाई नहीं बनता. फिर बाहर का लोग लेके आता है."

मला लख्खकन आठवलं. गेल्या डिसेंबरात जोएलची आजी गेली होती. रिंकच्या कँटीनमध्ये सगळ्या टीमांची पोरं बसली होती आणि तू मधोमध. आमच्यात अशी रीत आहे, म्हणालास, पहिला सण कुणाच्याही घरात कोरडा जाऊ द्यायचा नाही. आणि ख्रिसमसला सगळ्यांना घेऊन जोएलच्या घरी गेलास, केक आणि चिवड्याचा डबा घेऊन.

"और वो कोना?" मी मैथाला विचारलं. "वो भी फराळ था क्या?"

ती लालबुंद झाली. "वल्ला, हम जान के नहीं हारा! गोल तुम्हारा टीम ने किया, सच्ची में किया. बस एक कोना छोड़ा, सब लोग ने. सिर्फ फर्स्ट राउंड. तुम्हारा पहला सीझन था ना, अंकल के बिना."

बाबा, जगात कुणी असा फराळ आणला असेल का? माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी तिचा डबा उचलून तिच्यापुढे आपटला. "यल्ला, घेऊन जा तुझा डबा!"

"जुई!" आई कडाडली. "दारी आलेल्या माणसाशी असं बोलतात?"

मैथा उठली नाही. डबा तिने हळूच सरळ केला आणि म्हणाली, "अंकल ने मुझे अलग से भी बोला था." एप्रिलमध्ये, शेवटच्या मॅचनंतर, पार्किंगमध्ये. माझी पॅडांची बॅग गाडीत चढवताना तू मध्येच थांबलास, छाती चोळलीस आणि तिला म्हणालास, "जुई के घर भी जाएगी ना?" तिला वाटलं, अंकल मस्करी करतायत. ती हसली. तूही हसलास म्हणे.

आई तो डबा उचलून स्वयंपाकघरात गेली.

म्हणजे तुला माहीत होतं. हो ना? गाडीत त्या सोड्याच्या बाटल्या, "अ‍ॅसिडिटी गं, बाकी काही नाही." आई चेकअपसाठी मागे लागली की "सीझन खलास होऊ दे, मग जातो." आणि गेलास कुठे, तर कोल्ड स्टोअरच्या दारात कोसळलास. काय रे बाबा, मैथाला सांगितलंस, आणि आम्हाला नाही? तीन वर्षं सगळ्या जगासमोर माझ्या डाव्या पायाची उणीदुणी काढत होतास. एक वाक्य घरात बोलला असतास, तर मी तुला ओढत डॉक्टरकडे नेलं असतं! मला तुझा भयंकर राग आला. अजूनही आहे. तू गेलास म्हणून रडले होते, पण रागावले त्या दिवशी.

आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मैथाचा डबा तिने रिकामा करून, धुऊन पुसून आणला होता आणि त्यात मूठभर साखर घातली होती. "आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत," ती मराठीतच म्हणाली.

मैथाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डब्बा वापस मिला, हिसाब खलास. अब वो कोना दिखा तो मारने का. कसम खा."

"पक्का?"

"पक्का."

"रोएगी तो?"

"मास्क है ना."

आजची मॅच त्यांच्याशीच होती, दुसऱ्या फेरीतली पहिली. आणि कमाल म्हणजे आई आली! थंडीचं नाव काढलं की हुडहुडी भरणारी आपली आई, तुझं निळं जाकीट घालून, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबतायत, आणि तुझ्याच खुर्चीत. खेळातलं ओ की ठो कळत नाही, दोन्ही टीमसाठी टाळ्या वाजवत होती.

मैथा आली, कोपरा पाहिला आणि मारला. माझा पाय नेहमीसारखा उशिरा. गोल! आणि त्यांच्या बेंचवर कुणी हू की चू केलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. जोएलसुद्धा. मी काठी वर केली आणि ओरडले, "अजून मार!" मराठीत ओरडले, पण कळलं सगळ्यांना. मग काय विचारतोस! रिंक डोक्यावर घेतली त्यांनी. मास्कमध्ये मी रडत होते की हसत होते, माझं मलाच सांगता येणार नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदा कुणी माझ्याशी सरळ वागलं होतं.

चार-एक हरलो. चारातले तीन डाव्या कोपऱ्यातून. आधीच्या विजयांचे गुण टेबलात अजून आहेत, पण मी त्यांच्याकडे बघत नाही.

पण एक सांगायचंय. अगदी शेवटी मैथा पुन्हा एकटीच आली. माझ्यामागे काचेवर धाडकन थाप पडली आणि आईचा आवाज आला, "अगं जुई, तो पाय टाक की!" कुठला पाय, हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पक माझ्या डाव्या पॅडवर आदळला आणि बाहेर गेला. मैथाने कपाळावर हात मारून घेतला, खराखुरा. तो एक माझा आहे, बाबा. टेबलात तो कुठेच दिसत नाही.

म्हणून नाचतेय.

आता एक वचन देते. घरी येताना आई जिन्यात थांबली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "ओरडून ओरडून घशाशी आलं गं, अ‍ॅसिडिटी." नसेलही काही. पण त्या शब्दावर माझा विश्वास उडालाय, तुझ्या कृपेने. मंगळवारी तिला डॉक्टरकडे घेऊन जातेय. ती "सीझन संपू दे" म्हणाली तरी मी ऐकणार नाही, ती हसली तरी हसणार नाही. हा कोपरा मी उघडा सोडणार नाही.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरीही दर मॅचला आधी मागे वळून बघणारी,
जुई