बटन, बटन, बटन

मंगळवार, ४ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद आहेत, पण आज जरा रागातले आहेत.

रविवारी तू माझ्या कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टिम पुसून तुझी ती लाडकी, फुकटची सिस्टिम घालून गेलास. जाताना म्हणालास, आक्का, घाण गेली. गेली की नाही ते मला दिसत नाही; डोळे गेल्यापासून मला फक्त ऐकू येतं. आणि जे ऐकू येतंय त्याची शिसारी येते. पडदा वाचून दाखवणारा हा नवा आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा बोलतो. फोनवर पेशंटना डॉक्टरांची वेळ द्यायला हॉस्पिटलचं वेळा नोंदवायचं पान उघडलं की नुसता "बटन, बटन, बटन" करत सुटतो. कसलं बटन, ते त्याच्या बापालाही ठाऊक नसावं. जुना आवाज निदान विभागाचं नाव तरी घ्यायचा.

काल एका बाईंच्या तान्ह्या मुलाला धाप लागत होती. मी छातीच्या डॉक्टरांची वेळ दिली असं समजले, आणि बाई पोचल्या हाडांच्या विभागात. लेकराला घेऊन दुपारपर्यंत ताटकळल्या. हॉस्पिटलच्या साहेबांचा फोन आला. पुन्हा असं झालं तर फोनचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल म्हणाले.

जसं होतं तसं करून दे.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आक्का

गुरुवार, ६ जून

ती. आक्कास,
शि. सा. न. लांबूनच करतो, म्हणजे कान तुझ्या हाती लागणार नाही.

त्या लेकराचं ऐकून वाईट वाटलं. पण जुनी सिस्टिम परत घालायची म्हणजे ओकारी परत गिळायची. ऐन कामात ती आपली आपण बंद होते, तू काय लिहितेस त्यावर पाळत ठेवते. तिच्याबरोबर येणारा ब्राउझर उघडला की पोट कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती अंगावर येतात. दिवसभर दुकानात मी लोकांच्या कॉम्प्युटरमधली हीच घाण उपसतो. बहिणीच्या घरात ती नको. थोडी कळ काढ, सवय होईल.

आणि नाहीच जमलं तर सोड ना ते काम. हीसुद्धा तेच म्हणते. आमच्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे.

लोभ आहेच, तो रागातही राहू दे.

तुझा,
बारक्या

शनिवार, ८ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

"सोड ना ते काम" हे तुझं वाक्य त्या बेचव आवाजात पुन्हा पुन्हा ऐकलं. तुझ्या त्या गोळ्यांच्या जाहिरातींपेक्षा याची किळस जास्त आली. जाहिरात निदान मला मोडीत काढत नाही.

काल शेजारणीला घेऊन हॉस्पिटलच्या ऑफिसात गेले. साहेबांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं, पडदा बंद करून तो वाचणारा आवाज सुरू करायला लावला, कानांना हेडफोन लावले आणि म्हटलं, माझ्यासाठी दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. बिचारे चाचपडत राहिले. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, पण काही दिसतच नाही."

"मलाही," मी म्हटलं.

त्यांनी हेडफोन काढले. मग म्हणाले, पान बनवणाऱ्यांना आजच सांगतो, प्रत्येक बटनाला नाव द्या म्हणून. पण त्याला काही आठवडे जातील, आणि तोवर लोकांची दुखणी थांबणार नाहीत. उद्या येतोस, की दुसऱ्या कुणाला बोलावू?

वाट पाहणारी,
आक्का

शनिवार, ८ जून

ती. आक्कास,
शि. सा. न., या वेळी जवळून.

तुझं पत्र वाचून दुकानातला पडदा बंद करून बसलो. गिऱ्हाइकाला साधा निरोप पाठवता येईना. इतकी वर्षं या सिस्टिमचे गोडवे गातोय, पण तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. कानात किडा शिरल्यासारखं झालं. स्वतःचीही थोडी किळस आली.

उद्या दोन्ही सिस्टिम आणि मिळतील तेवढे ब्राउझर घेऊन येतो. निवडायचं तू. मी हात लावणार नाही.

तुझा,
बारक्या

मंगळवार, ११ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

परवा तू दुपारभर हात मांडीवर ठेवून बसलास. एवढा शहाण्यासारखा तू स्वतःच्या लग्नातही बसला नव्हतास. मी जुनी सिस्टिम निवडली तेव्हा तुझं तोंड कडू झालेलं मला न बघताही कळलं. घाण आहे, मान्य. पण त्या घाणीत मला वाट सापडते. ब्राउझर मात्र तुझाच ठेवला. जुन्या आवाजाबरोबर तो विभागांची नावं नीट घेतो, आणि मधेच कुणी गोळ्या विकत नाही.

आज सकाळी पहिला फोन एका आजोबांचा आला. सगळीकडे फोनवर मशीनचेच आवाज ऐकून कंटाळले असावेत. आधीच विचारलं, "बाई, तुम्ही माणूस आहात की मशीन?"

"माणूस आहे," म्हटलं, आणि त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ दिली.

तोंड कडू असलं तरी लोभ गोड ठेव.

तुझी,
आक्का