आईचं शिर

बेनिन, १२ मार्च १९६४

ती. ओसावारूदादास,
एसोसाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांचा खोकला सोडला तर इकडे ठीक. पितळ ओतायची भट्टी आठवडाभर थंड आहे. तिकडे कुटलेलं सुरण मिळतं का, की नुसत्या पावावरच एवढा मोठा मूर्तिकार झालास?

मी शिकवते त्या शाळेत काल लंडनचं वर्तमानपत्र आलं. त्यात तुझ्या प्रदर्शनातलं ‘आई’ नावाचं ब्रॉन्झचं शिर पाहिलं. दादा, आई गेल्यावर ते शिर मेणात मी घडवलं होतं. बाईच्या हातचं मेण बाबांच्या भट्टीत चालत नाही, म्हणून तू ते धातूत ओतून घ्यायला लंडनला नेलंस आणि वाटेत फुटलं असं कळवलंस. खाली छापलंय, की पूर्वजांच्या पितळी शिरांची नक्कल सोडून या तरुणाला अखेर स्वतःची वाट सापडली.

लोभ आहेच, उत्तर खरं असावं.
एसोसा

लंडन, २ एप्रिल

चि. एसोसास अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस, वेडे. मेण तुझं, कबूल. पण मान लांबवली मी, धातू खडबडीत ठेवला मी. तीन वर्षं माझ्या प्रत्येक कामाला इथले लोक ‘जुनंच’ म्हणून नाक मुरडत होते. याच एका शिरानं दार उघडलं. संग्रहालयानं विकत घेतलं. तुझ्या नावानं कुणी ढुंकून तरी पाहिलं असतं का? एक दिवस मी सगळ्यांना सांगेनच. तोवर बाबांचंही शिर करून पाठव, ते आहेत तोवर.

माया पातळ करू नकोस.
ओसावारू

बेनिन, २० एप्रिल

श्री. ओसावारू यांस,
स. न. वि. वि.

बाबा गुरुवारी गेले. तुमच्या ‘आई’चं चित्र त्यांना दाखवलं होतं. बघताक्षणी म्हणाले, हा अंगठा माझ्या पोरीचा. जन्मभर मी ज्याची वाट पाहिली ते ऐकलं. लगेच म्हणाले, पण बोलू नकोस कुठे. मुलाचं नाव तेच घराण्याचं नाव.

तरी त्यांचं शिर मी केलं, त्यांच्या खाटेपाशी बसून. डोळे मिटण्याआधी त्यांनी ते चाचपून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. वाचलं आणि ते मेण चुलीवर ठेवलं.

पितरांच्या ओट्यावर बापाचं शिर थोरल्या मुलानंच घडवून ठेवायचं, हे तुम्हांला सांगायला नको. मोठा मूर्तिकार येणार म्हणून सगळी गल्ली थांबली आहे. मीही कुणाला काही बोललेले नाही. या, आणि घडवा.

कळावे. लोभ उरला तेवढा आहे.
एसोसा