यादीतला घरभेदी

३ मे २००४, सकाळी ९
आमच्या मराठी लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीच्या, ई-मेल यादीला आज वर्ष झालं. घोडेगावच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमधून मी एकटा ती चालवतो. एक्केचाळीस सभासद, जुन्नर-आंबेगावातले आणि इथून पुण्याला गेलेले. एकाने यादीला प्रश्न पाठवला की तो सगळ्यांना जातो, ज्याला येतं तो उत्तर देतो. सभासद असो नसो, कोणीही पाठवावं. दाराला कडी नाही, हे माझं तत्त्व.

वाढदिवसानिमित्त वेबसाइटवर सगळ्यांची नावं, गावं, ई-मेल पत्ते टाकले. लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर भावकी वर्षभर बोलत नाही, म्हणून दोनदा तपासलं. एकही राहिलेलं नाही.

१९ मे
यादीवर इंग्रजी जाहिराती येऊ लागल्यात. घड्याळं, कर्ज, पुरुषांच्या गोळ्या. आज अकरा. प्रत्येकाला नम्रपणे उत्तर लिहिलं की ही तांत्रिक यादी आहे, कृपया आम्हाला वगळावं. माणुसकीने सांगितलं की लोक ऐकतात.

२१ मे
आज चौसष्ट.

२ जून, दुपारी
पत्ते बाहेर गेले कसे? आतल्या माणसाशिवाय शक्य नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

स्नेहलचा फोन. माझीच विद्यार्थिनी, आता कळंबला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. म्हणाली, सर, वेबसाइटवरचं ते पान आधी काढा, पत्ते तिथूनच उचलत्यात, आन् सभासद नसंल त्याचं मेल घेऊच नका. मी शांतपणे ऐकून घेतलं. चोर कुठून शिरतो हे हिला इतकं नेमकं कसं माहीत? शंका घ्यायचा माझा स्वभाव नाही. पण घेतली.

७ जून
फिल्टर लावला. इंग्रजीत 'फ्री' असं लिहिलेला प्रत्येक मेल अडवायचा. संध्याकाळपर्यंत पूर्ण शांतता. उगाच लोक घाबरतात या गोष्टींना.

९ जून
डिंगोऱ्याहून कुंडलिकचा फोन. पत्रिका छापतो, यादीतला पहिला सभासद, माझा पंधरा वर्षांचा मित्र. म्हणाला, राव, आपलं लिनक्स म्हंजीच फ्री सॉफ्टवेअर, समद्यांचंच मेल अडकल्यात. लगेच सोडा म्हणाला. लगेच सोडले. त्याबरोबर तीनशे सात जाहिरातीही गेल्या. कुंडलिकला घाई फार.

१५ जून
सर्व सभासदांना पत्र. आपल्यात एक घरभेदी आहे, त्याने तीन दिवसांत पुढे यावं, मी मोठ्या मनाने माफ करीन. भाषा जमली.

१८ जून
कोणी पुढे आलं नाही. स्नेहलचं नाव यादीतून काढलं. जिला माउस धरायला शिकवला तिने असं करावं, याचं फार वाईट वाटतं. कारण लिहिलं नाही. तिला कळेल.

अंजना म्हणाली, त्या पोरीनं काय केलंय ते तरी बघितलं का तुमी? बायकोला तांत्रिक गोष्टी समजावत बसलो नाही.

२४ जून
कुंडलिक मोटारसायकलवर आला. शिनोलीचे सासरे त्याच्या दुकानात बसले असताना त्याने मेल उघडला, तर पुरुषांच्या गोळ्यांची जाहिरात, पाठवणारा हौशीराम, म्हणजे मी. मी म्हणालो, कोणीतरी माझा पत्ता वापरतंय. तो म्हणाला, तुमी पाठवली असं मी कुठं म्हनतो, पर नाव तुमचंच व्हतं ना. चहा न घेता गेला. यालाही कोणीतरी फितवलंय.

५ जुलै
दहा दिवसांत सभासदांचा एकही प्रश्न नाही. म्हणजे कोणाला काही अडतच नाही. यादीचं उद्दिष्ट साध्य झालं. अभिनंदनाचा मेल पाठवला.

८ जुलै
अभिनंदनाला सोळा उत्तरं. सगळी कर्जवाल्यांची.

१४ जुलै, दुपारी १
डिंगोऱ्याला गेलो. कुंडलिकच्या स्क्रीनवर आजच्या तारखेचे मेल, ओळखीची सगळी नावं. त्याने मॉनिटर भिंतीकडे वळवला आणि चहा सांगितला. मग कबूल केलं. स्नेहलने नवी यादी काढलीय, सभासदांचंच मेल चालतं. चाळीसच्या चाळीस तिकडे गेले. मला कोणी का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाला, कसं सांगायचं राव, वाईट वाटलं असतं तुमाला.

वाटलंच. पंधरा वर्षं. चहा तसाच ठेवून निघालो.

१५ जुलै
मोठेपणा घेऊन नव्या यादीकडे सभासदत्व मागितलं. दोन मिनिटांत मशीनचं उत्तर. या पत्त्यावरून जाहिराती येतात, म्हणून तो कायमचा बंद केला आहे.

१६ जुलै
वेबसाइटवरचं नावांचं पान काढून टाकलं. डिझाइन जुनं झालं होतं.

१९ जुलै
अंजनाच्या नावाने, माहेरचं आडनाव लावून, नवा पत्ता काढला आणि अर्ज केला. लपूनछपून नव्हे, केवळ पाहणी म्हणून. तासाभरात स्नेहलचं पत्र. ताई, या यादीवर माझ्यानंतर पहिल्या बाई तुम्हीच, लई आनंद झाला. मला ती कधी असं बोललेली आठवत नाही.

२२ जुलै, सकाळी ११
कुंडलिकचा प्रश्न आला. कॉम्प्युटरच्या आतल्या मॉडेमला लिनक्स ओळखत नाही, मेलपुरतं विंडोज लावावं लागतं, दोन महिने अडलोय. चाळीस जण गप्प. हे मला येतं. कोणतं ड्रायव्हर कुठून घ्यायचं, कसं बसवायचं, सगळं ओळीने लिहून पाठवलं.

दुपारी ३
मॉडेम लागलं. कुंडलिकने सगळ्या यादीला लिहिलंय. अंजनाताई, लई उपकार झाले. तुमच्यासारखं समजावून सांगणारं एक जरी माणूस जुन्या यादीवर असतं, तर ती सोडायची येळ आली नसती.

चार वेळा वाचलं. मग उत्तर दिलं. उपकार कसले भाऊ, मी नवीनच आहे.