घरच्यांनी सांगितलेलं वजन

बॅलरॅट, ११ मे

प्रिय रोझली,

तुझं कार्ड मिळालं. वरचा कोआला बघूनच मला चीड आली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोआला कोण पाठवतं? पण खरी चीड आतल्या मजकुराची. अवयवदात्यांच्या स्मरणसभेत हॉस्पिटलवाले माझा सत्कार करणार आणि भाषण तू करणार, मला न विचारता! निवृत्त नर्स म्हणजे यांना फुलदाणी वाटते, हवी तिथे नेऊन ठेवायची.

आणि सत्कार कशाचा, तर अवयवदात्याच्या फॉर्ममधल्या एका रकान्याचा. 'घरच्यांनी सांगितलेलं वजन.' तो मी भांडून घालून घेतला, हे खरं. माझ्या जागी आलेली बाई परवा फोनवर म्हणाली, "कार्मेल, तुम्हाला हे सुचलं तरी कसं?" मी म्हटलं, "तुला कामं नाहीत का?" आणि फोन आपटला.

अठरा वर्षं झाली. नऊ वर्षांचा, वीस किलोचा तुझा कीरन. पीळ पडलेलं आतडं काढून टाकल्यापासून छातीतल्या नळीतून जेवणारा. यकृत थकत चाललेलं, डोळे पिवळे. "आज नळीतून खिम्याचा मीट पाय येणार का?" असं विचारायचा, आणि मी म्हणायचे, "सॉससकट." तू मात्र दारातच गाठायचीस, "आज काही?" मग मी तेच तेच सांगायचे. रक्तगट जुळायला हवा, दात्याचा रक्तदाब टिकलेला हवा, आणि तो कीरनहून लहान हवा, कारण आकसलेल्या पोटात मोठं आतडं मावत नाही. एकदा तू म्हणालीस, "म्हणजे याच्याहून लहान पोर मरायची मी वाट बघायची?" आणि दुसऱ्या दिवशी तूच माझी माफी मागितलीस. माझी!

त्या ऑगस्टमध्ये टास्मानियात मेंदू मृत झालेला, मशीनवर ठेवलेला एक मुलगा होता; दात्याचा फॉर्म भरायला मी तिथे गेले होते. नाव सांगणार नाही. तो नियम मी अजून पाळते. रक्तगट जुळत होता. पलंगाचा वजनकाटा चोवीस किलो दाखवत होता. कोपऱ्यात बसलेली त्याची आई म्हणाली, "चोवीस? अहो, गेल्या आठवड्यात सतरा भरला होता. चड्डी राहत नाही त्याच्या कमरेवर." अंगात साठलेलं सलाइन, पलंगाला लावलेले पंप, ब्लँकेटं, सगळं त्या चोविसात होतं. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर इग्नेशियसनं पट्टी मारून शिकवलेलं: दिसेल ते लिहायचं, ऐकीव नाही. मी चोवीस लिहिलं. मेलबर्नहून कीरनचा सर्जन फोनवर म्हणाला, "आतडं नको. मोठं पडेल." मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी वेगळ्याच रुग्णासाठी यकृत काढायला आलेल्या सर्जननं पोट उघडलं आणि विचारलं, "एवढंसं पोट! चोवीस कुणी लिहिलं?" आतडं नेणारी माणसं मेलबर्नला होती. ती विमानानं येईपर्यंत त्या मुलाचा रक्तदाब तग धरणार नव्हता. आतडं त्याच्याबरोबर पुरलं गेलं.

कीरन सप्टेंबरात गेला. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधल्या मिसानंतर तू माझ्याकडे येतेस, माझे दगडासारखे स्कोन खातेस आणि म्हणतेस, "कार्मेल, तू त्याच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाहीस." कार्डावरही तेच लिहिलंयस. बाकी ठेवलं होतं, रोझली. एका आईचं ऐकायचं बाकी ठेवलं होतं. फादरना मी हे केव्हाच सांगितलं आणि त्यांनी लगेच क्षमा केली; त्यांचं काय जातंय? सांगायला हवं होतं तुला, आणि दर रविवारी मी चहा ओतत राहिले. आता तू शंभर माणसांसमोर उभी राहून त्या रकान्यासाठी माझे आभार मानणार, ते मला ऐकवणार नाही. म्हणून हे पत्र सभेच्या आधी. भाषण करायचं की नाही, ते तू ठरव. रविवारी स्कोन करीन, नेहमीइतकेच. तू आली नाहीस तर कोंबड्यांना घालीन, आणि का आली नाहीस ते विचारणार नाही.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
कार्मेल